त्याने हाक का मारली नाही

प्रति,
सरपंच, उपसरपंच, सदस्य आणि ग्रामसेवक भाऊसाहेब,
सर्व ग्रामपंचायती, जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे.

(भाऊसाहेब, तुमच्या दारावरची पाटी बदलून आता 'ग्रामपंचायत अधिकारी' झाली आहे हे मला ठाऊक आहे. पण गावात अजून कोणाच्या तोंडी तो शब्द ऐकला नाही, म्हणून जुनंच लिहिते.)

सप्रेम नमस्कार.

होळी झाली. विहिरींनी तळ दाखवायला सुरुवात केली. आता आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) पुढेमागे गाळ काढायची, मोटार खाली सरकवायची, फूट व्हॉल्व्ह बदलायची कामं निघतील. यारीवाल्यांना, म्हणजे विहिरीतला गाळ वर ओढणारं यंत्र चालवणाऱ्यांना, दिवसाची उसंत मिळणार नाही. विहिरीतल्या खराब हवेने माणसं मरतात त्याबद्दल म्हणून आत्ताच लिहिते आहे, जून उजाडल्यावर लिहून उपयोग नाही.

मी सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं सिस्टर होते. आता निवृत्त आहे. पुढचं सगळं त्या नोकरीतलं आहे.

काही वर्षांपूर्वीची, अशाच एका एप्रिलमधली गोष्ट. संध्याकाळी पाचच्या सुमाराला ट्रॅक्टरची ट्रॉली दवाखान्याच्या आवारात शिरली. ट्रॉलीत कडबा पसरलेला आणि त्यावर तिघं जण. एक बावीस वर्षांचा मुलगा, दुसरा त्याचा चुलता, तिसरा मुलाचा थोरला भाऊ. मुलगा आणि चुलता गेलेले होते. लोक म्हणत होते, विहिरीत बुडाले. मी मुलाच्या अंगावरचा शर्ट कापला तेव्हा तो छातीपासून वर कोरडा होता. विहिरीत पाणी गुडघाभर होतं. चुलत्याच्या तोंडाला ओला टॉवेल घट्ट बांधलेला होता, गाठ सुटेना म्हणून कात्री लावली.

तिसऱ्याच्या दोन्ही काखांत दोराने सोललं होतं, मनगटाएवढे लाल पट्टे. शेजारच्या मळ्यातल्या एका म्हाताऱ्या आबांनी त्याला दोर बांधल्याशिवाय उतरू दिलं नाही, म्हणून ते पट्टे. तो पायऱ्यांवरून निम्मा उतरला आणि मान टाकली. वरच्यांनी ओढून काढला. ऑक्सिजन लावला, तासाभराने तो शुद्धीवर आला, आणि पहिलं वाक्य बोलला ते हे : "ताई, त्यानी हाक काबर नही मारी?"

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. सलाईन बघते म्हणाले आणि उठले. या पत्रात त्याच प्रश्नाचं उत्तर देते आहे, कारण माझ्या मते ते उत्तर गावाला नीट कळलं असतं तर निदान चुलता तरी घरी गेला असता.

धावल्यावर किंवा पाण्यात बुडी मारल्यावर छाती फुटायला येते, जीव कासावीस होतो. आपण म्हणतो, ऑक्सिजन कमी पडला. तसं नसतं. तो गलका कार्बन डायऑक्साइडचा असतो. मेंदूच्या बुडाशी श्वास चालवणारं केंद्र आहे, ते मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड किती चढला यावर लक्ष ठेवतं. ऑक्सिजनवर नजर ठेवणाऱ्या गाठी मानेतल्या धमन्यांपाशी आहेत, पण त्या पातळी फार घसरेपर्यंत फारशा हलत नाहीत. आता विहिरीचा विचार करा. खाली हवा आहे, पण तिच्यातला ऑक्सिजन गेलेला आहे, उरला आहे बहुतेक नायट्रोजन. माणूस श्वास घेतो, सोडतो, छाती भाता चालावा तशी चालते. उच्छ्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड नेहमीसारखा बाहेर पडतो. मग कासावीस कशाने व्हायचं? गजर वाजतच नाही. तळाशी कार्बन डायऑक्साइडही साठला असेल तर थोडी धाप लागते, पण साठ फूट उतरलेला माणूस ती धाप उतरण्याचीच समजतो.

फ्रान्समध्ये १५ एप्रिल १८७५ रोजी तीन जण 'झेनिथ' नावाच्या फुग्यातून आठ हजार मीटरच्या वर गेले. हाताशी ऑक्सिजनच्या पिशव्या होत्या. दोघं मेले, एकटा गास्तों तिसांदिए जिवंत उतरला. त्याने नंतर लिहून ठेवलं की वर कुठलाही त्रास होत नव्हता, उलट आतून एक आनंद वाटत होता. पिशवीची नळी तोंडाला लावायची हे कळत होतं, हात मात्र उचलला गेला नाही. आमच्या तिसऱ्यालाही मी दुसऱ्या दिवशी विचारलं, काय झालं होतं? म्हणाला, काही नाही ताई, गार वाटलं, बरं वाटलं. पुढचं आठवत नाही.

करोनात हेच मी स्वतः पाहिलं, आणि तिथे माझी चूकही झाली. २०२१ च्या एप्रिलमध्ये एक आजोबा बाकावर बसून चहा पीत होते, मुलाला मका विकण्याबद्दल चार गोष्टी सुनावत होते. बोटाला ऑक्सिजन मोजायचं मशीन लावलं तर ७१. मला वाटलं मशीन बिघडलं. सेल बदलले, दुसरं बोट धरलं, बोट चोळून गरम केलं, मग दुसरं मशीन आणायला पाठवलं. त्यात वीस मिनिटं गेली. दुसऱ्या मशीननेही ७० दाखवलं. आजोबा नंतर बरे होऊन घरी गेले, पण ती वीस मिनिटं मी अजून मोजते. तीस वर्षं नोकरी झालेल्या सिस्टरला समोर बोलणाऱ्या माणसाचा ऑक्सिजन ७१ आहे यावर विश्वास बसला नाही, तर विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्यांना कुठून कळावं.

पण विहिरीतल्या मुलाचा ऑक्सिजन आजोबांसारखा हळूहळू उतरला नाही. मुलगा काही सेकंदांत कोसळला. असं का, हे समजायला पांझरा नदीकाठचा फड, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावरचा शेतांचा पट्टा, डोळ्यांसमोर आणा. धुळे जिल्ह्यातल्या मंडळींना सांगायला नकोच. बंधारा, त्यातून काढलेला पाट, पाटाच्या चाऱ्या आणि शेवटी फडातला शेवटचा वाफा. काही शतकं हे पाणी कुठल्याही पंपाशिवाय नुसत्या उताराने चाललं. शरीरातला ऑक्सिजनही तसाच उताराने चालतो. तो दाबाने मोजतात, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. समुद्रसपाटीला कोरड्या हवेत हा दाब १६० असतो, फुप्फुसाच्या पिशव्यांत उतरेपर्यंत १०० च्या आसपास, अंगभर फिरून फुप्फुसाकडे परतणाऱ्या रक्तात ४० आणि पेशीच्या आत अगदीच थोडा. प्रत्येक टप्प्यावर वरून खाली उतार आहे म्हणून तो वाहतो.

आता बंधाऱ्यातलं पाणीच पाटाच्या पातळीखाली गेलं तर? पाटातलं पाणी मागे फिरेल. विहिरीच्या तळाशी ऑक्सिजन चार-पाच टक्क्यांवर आलेला असला की फुप्फुसातला दाब परतणाऱ्या रक्तातल्या ४० पेक्षा खाली जातो, आणि रक्तात उरलासुरला ऑक्सिजन उलटा फुप्फुसात येऊन उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो. श्वास घेणं हेच ऑक्सिजन काढून टाकणं होऊन बसतं. म्हणून तापीत बुडी मारणारा पोरगा दम रोखून मिनिटभर सहज टिकतो, आणि तोच पोरगा अशा विहिरीत दोन-चार श्वासांत पडतो. फुप्फुसातलं ते रक्त मेंदूपर्यंत पोचायला आठ-दहा सेकंद लागतात. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण ऑक्सिजन खातो विसेक टक्के, आणि साठा जवळजवळ शून्य. दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते. हाक मारायची तर आधी काहीतरी होतंय हे कळायला हवं, ते कळणारा भागच सगळ्यात आधी बंद पडतो.

हे झालं त्याच्या हाक न मारण्याचं उत्तर.

शुद्ध गेली तरी हृदय काही मिनिटं चालू असतं. मेंदूच्या पेशी कायमच्या बिघडायला साधारण चार-पाच मिनिटं लागतात. म्हणजे पहिला पडला तेव्हा तो मेलेला नव्हता. त्याच्या अंगाला दोर असता आणि दोराचं टोक वर असतं तर चार माणसांनी दोन मिनिटांत ओढला असता. दोर नव्हता, म्हणून चुलता उतरला. आपल्याकडे ही बातमी वाचताना मेलेल्यांचे आकडे नीट बघा : दोन, तीन, चार. अनेकदा मरणारा एकटा नसतो. पहिला कामासाठी उतरतो, बाकीचे मायेपोटी.

आता विहिरीचा ऑक्सिजन जातो कुठे? वरच्या हवेत तो २०.९ टक्के. जमिनीच्या आतल्या पोकळ्यांतही हवा असते, पण मुळं आणि जिवाणू तिथला ऑक्सिजन खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडत असतात. पाणी जसजसं खोल गेलं तसतशी कोरडी, हवेने भरलेली माती वाढली. रावेर-यावलकडे विहिरींचं पाणी किती उतरलंय ते केळीवाल्यांना विचारा. वातावरणाचा दाब घसरला, म्हणजे वळवाचं आभाळ भरून आलं की जमीन ती शिळी हवा विहिरीत सोडते. काल चांगली असलेली विहीर आज दुपारी मारू शकते ती अशी. त्यात पालापाचोळा, कुजलेलं खोड, मेलेलं कुत्रं पडलेलं असलं तर विचारायलाच नको.

दुसरी गोष्ट मला स्वतःला उशिरा कळली. हिवाळ्यात रात्रीची गार, जड हवा आपोआप विहिरीत उतरते आणि आतली उबदार हवा वर काढते, विहीर धुतली जाते. उन्हाळ्यात बाहेर ४४ अंश आणि आत गारवा. गार हवा जड, ती तळाशी बसून राहते, हलतच नाही. आणि नेमकी आपली सगळी कामं एप्रिल-मे मधली. त्याला इलाज नाही, पाणी तेव्हाच खाली असतं. पण वापरात नसलेल्या, झाकलेल्या, अरुंद विहिरीत मे महिन्याच्या दुपारी उतरणं सगळ्यात वाईट, एवढं तरी गावाला माहीत हवं.

जुन्या माणसांना याची जाण होती. ज्वारीचं पेव, म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार, उघडलं की लगेच कोणी आत पाय घालत नसे, दाणाही श्वास घेतो आणि पेवातली हवा खराब करतो. विहिरीत आधी कंदील सोडायचे. ऑक्सिजन सोळा-सतरा टक्क्यांवर आला की ज्योत विझते, आणि तेवढ्या ऑक्सिजनवर माणूस अजून तगून असतो, म्हणजे परीक्षा बऱ्यापैकी होती. पण कंदिलाला विषारी वायू कळत नाहीत, आणि मिथेन असेल तर तोच कंदील स्फोट घडवतो. शेणाच्या गॅसच्या खड्ड्यात कंदील किंवा काडी अजिबात नको. कडुलिंबाची फांदी दोराला बांधून वरखाली करतात, बादल्यांनी पाणी ओततात, त्याने थोडी हवा हलते. पुरेशी हलली की नाही ते डोळ्यांना कळत नाही.

चुलत्याच्या ओल्या टॉवेलबद्दल. ओला टॉवेल धूळ अडवतो. जी गोष्ट हवेत नाहीच ती टॉवेल कुठून आणणार? करोनातला मास्क, तेलात बुडवलेला रुमाल, कांदा हुंगणं, सगळ्यांचा हिशेब तोच. एका गावात मला विचारलं गेलं, दवाखान्याने दिलेला कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन) काठावर ठेवून नळी आत सोडली तर? पंधरा फूट रुंद, साठ फूट खोल विहिरीत तीन लाख लिटर हवा मावते. कॉन्सन्ट्रेटर मिनिटाला दहा लिटर देतो. विहीर भरायला वीस दिवस लागतील. आणि सिलिंडर मोकळा सोडला तर आगीचा धोका वेगळाच. हवी असते ती साधी हवा, भरपूर. तासाला हजार घनमीटर हवा ढकलणारा विजेचा ब्लोअर घेतला आणि त्याची रुंद पिशवीसारखी नळी अगदी तळापर्यंत नेली, तर एवढी विहीर अठरा-वीस मिनिटांत एकदा बदलते. तशी पाच-सहा वेळा बदलू द्यावी आणि माणूस आत असेपर्यंत ब्लोअर बंद करू नये. फवारणीचा पेट्रोलवाला ब्लोअर मात्र काठावरही नको. त्याचा धूर आत जातो.

धुरावरून आठवलं. पाणी वर खेचणारा पंप पंचवीसेक फुटांपलीकडे पाणी ओढू शकत नाही. तो निसर्गाचा नियम आहे, हवेचा दाब तेवढाच आहे. म्हणून पाणी खाली गेलं की शेतकरी इंजिनच विहिरीतल्या ओट्यावर उतरवतो. लोडशेडिंगच्या काळात डिझेल इंजिन असं खाली नेलेलं मी पाहिलंय. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. त्याला वास नाही. आणि वाईट म्हणजे बोटावरचं मशीन त्याला ऑक्सिजनच समजतं, माणूस मरत असताना ९८ दाखवतं.

शौचालयाच्या टाकीबद्दल थोडक्यात. आपल्याकडे तिला सगळे 'सेफ्टी टँक' म्हणतात. नावात सेफ्टी आहे तेवढीच. तिथे हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्यासारखा वास येणारा. प्रमाण वाढलं की तो वास घेणारी नसच बधिर करतो. वास यायचा थांबला म्हणून गॅस गेला असं समजून लोक उतरतात. हा वायू पेशीच्या आतला चुलाच विझवतो. रक्त ऑक्सिजन घेऊन दाराशी उभं असतं, आत कोणी घेणारं नसतं. फडाच्या भाषेत सांगायचं तर पाणी वाफ्यापर्यंत आलं, पण वाफ्याने तोंड उघडलं नाही. अशा टाकीत संरक्षणाशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि गटारात किंवा टाकीत गेलेल्याच्या कुटुंबाला द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख रुपये ठरवली. टाकी साफ करायला कोणाला बोलावतात, कोणत्या वस्तीतल्या माणसाला, हे मी इथे लिहायची गरज नाही. तुम्हाला माहीत आहे.

आणखी एक, कारण ते माझ्या धंद्यातलं आहे. आपल्याकडे अंगात रक्त कमी असलेली माणसं फार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बाया रक्तक्षयी निघाल्या. गड्यांत प्रमाण कमी आहे, पण मजुरी करणाऱ्यांतही रक्तक्षयी असतात. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. हिमोग्लोबिन १४ असेल तर १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १९ मिलिलिटर, ७ असेल तर त्याच्या निम्मा. बोटावरचं मशीन दोघांनाही ९८ च म्हणतं. ते फक्त एवढं सांगतं की सावद्याहून निघालेल्या केळीच्या शंभर ट्रकांपैकी अठ्ठ्याण्णव भरलेले आहेत. ट्रक शंभर होते की पन्नास, ते सांगत नाही. अक्कलकुवा, धडगाव, मोलगीकडे सिकलसेल आहे. त्या माणसांच्या रक्तपेशी ऑक्सिजन घटला की कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्या तुंबवतात. सातपुड्यातून केळीच्या, विहिरीच्या कामाला येणारा मजूर कोण आहे, त्याची तपासणी झाली आहे का, हे विचारायला अर्धं मिनिट लागतं.

करोनात आपण मोजायला शिकलो होतो. 'सॅच्युरेशन' हा शब्द गल्लीतल्या आजीच्या तोंडी आला. नंदुरबारने तर राज्याला दाखवून दिलं. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड, आपल्याच साक्री तालुक्यातले, यांनी २०२० मध्येच हवेतून ऑक्सिजन काढणारा प्लांट उभारून घेतला, आणि दुसऱ्या लाटेत मोठमोठी शहरं टँकरची वाट बघत असताना नंदुरबारकडे स्वतःचा ऑक्सिजन होता. ज्या जिल्ह्याला सगळे मागास म्हणतात त्याने हे केलं. मग ग्रामपंचायतींनी ऑक्सिमीटर घेतले, आशाताईंनी दारोदार बोटं तपासली. ते ऑक्सिमीटर आता कुठे आहेत? मी दोन ग्रामपंचायतींच्या कपाटांत पाहिले. सेल फुटून त्यांचं पाणी झालेलं, हिरवी बुरशी चढलेली.

पण ते चांगल्या अवस्थेत असते तरी विहिरीवर कामाचे नव्हते. बोटावरचा आकडा मागून येतो. बोटाला कळेपर्यंत माणूस पडलेला असतो. विहिरीवर माणूस मोजायचा नाही, हवा मोजायची. त्यासाठी चार वायू मोजणारं छोटं यंत्र मिळतं, मुठीत मावणारं. ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि जळणारे वायू. दोराला बांधून वर, मध्ये, तळाशी, तीन ठिकाणी दोन-दोन मिनिटं थांबवायचं. ऑक्सिजन १९.५ च्या खाली गेला की ते कोकलतं. ते कोकललं तर उतरायचं नाही, एवढाच नियम. वेशीवरच्या हायमास्ट दिव्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त येतं. कोणत्या निधीतून घ्यायचं ते भाऊसाहेबांना माझ्याहून चांगलं कळतं. प्रत्येक गावाला परवडत नसेल तर पाच गावांत मिळून एक घ्या. फक्त घेऊन कपाटात ठेवू नका. त्यातला ऑक्सिजनचा सेन्सर दोन-तीन वर्षांत मरतो आणि यंत्र अधूनमधून तपासून घ्यावं लागतं, ते काम कोणाचं हे ठरावातच लिहा.

माझी मागणी अशी. १ मेच्या ग्रामसभेत हा एक विषय घ्या. यारीवाला, मोटारवाला, टाकी उपसणारा, जो कोणी गावात कामाला येईल त्याने आधी हवा मोजायची, अंगाला पट्टा आणि दोर बांधायचा, दोराचं टोक वर तिपाईच्या चाकावरून दोघांच्या हातात. आत असलेल्याशी वरचा सतत बोलत राहील, उत्तर आलं नाही की विचार न करता ओढायचं. आणि आत कोणी पडला तर दुसऱ्याने उतरायचं नाही. पाठीवर हवेचा सिलिंडर असलेला अग्निशमनवाला येईपर्यंत नाही. बाप असला तरी नाही. हे वाक्य लिहायला सोपं आहे, काठावर उभं राहून पाळायला नाही, म्हणून तर ते आधी, शांतपणे, सगळ्यांसमोर ठरवून ठेवायला हवं. १०८ आणि ११२ चे आकडे यारीवरच रंगवा. वर काढलेल्याचा श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध दाब, मिनिटाला शंभर ते एकशेवीस, गाडी येईपर्यंत. हे शिकवायला तुमच्या उपकेंद्रातल्या ताई आहेत.

त्यांना वेळ नसेल तर मला बोलवा. मी एसटीने येईन, पैसे नकोत. फक्त ग्रामसभा दुपारी दोनची ठेवू नका, मे महिन्यात त्या वेळी मंडपात माणसं कमी आणि झोपा जास्त असतात. आणि बायांना पुढे बसवा. त्या दिवशी काठावर चौथा उतरायला निघाला होता, त्याची कॉलर धरून बसली होती ती त्याची बायको होती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
तालुका चोपडा

ता. क. यंत्र यायला महिना-दोन महिने लागतील हे मी जाणते. दोर आजही गावात आहे. कमरेला बांधू नका, माणूस ओढताना उलटा होतो. काखेखालून, छातीला, आणि जमलं तर मांड्यांतून घेऊन.